सिस्टर म्हणायचे आणि विसरायचे

दरवर्षी १२ मे रोजी, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्मदिनी, आपल्याकडे परिचारिका दिन साजरा होतो. मेणबत्त्या पेटवल्या जातात, शपथ घेतली जाते, गुलाबाची फुले वाटली जातात आणि प्रमुख पाहुणे परिचारिकांना ‘सेवेच्या देवदूत’ म्हणून गौरवतात. अलीकडे या सोहळ्यात आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. ती म्हणजे ताणमुक्तीवरील व्याख्यान. व्याख्याते अतिदक्षता विभागातील परिचारिकांना डोळे मिटून दीर्घ श्वास घ्यायला सांगतात, सकारात्मक विचारांचे महत्त्व पटवतात, चहा घेतात आणि निघून जातात. रात्रपाळी संपवून, घरी न जाता व्याख्यानाला थांबलेली परिचारिका संध्याकाळी पुन्हा कामावर येते, तेव्हा खाटा तितक्याच असतात आणि सोबतीला हातही तितकेच असतात.

या व्याख्यानांविरुद्ध मला दोन शब्द लिहायचे आहेत. दीर्घ श्वास घेण्यात काही वाईट नाही. परंतु रोग एकाला आणि औषध दुसऱ्याला, असा हा प्रकार आहे आणि त्याविषयी आपण सर्वांनी, विशेषतः आपण ख्रिस्ती कुटुंबांनी, गप्प राहणे मला योग्य वाटत नाही.

वरोऱ्यासारख्या गावात ‘अतिदक्षता विभाग’ हा शब्द आता कोणालाही नवा नाही. नागपूर-चंद्रपूर महामार्गावरचा अपघात असो, शेतात झालेला सर्पदंश असो किंवा मध्यरात्री उठलेली छातीतली कळ असो, आपल्या माणसाला घेऊन आपण चंद्रपूरला, सेवाग्रामला किंवा नागपूरला धाव घेतो. गडचिरोलीच्या जंगलातून येणाऱ्यांचा प्रवास तर याहूनही लांबचा. त्या बंद दाराबाहेरच्या बाकावर आपल्यापैकी अनेकांनी जपमाळ हातात धरून रात्र काढली असेल. दार उघडून कोणी बाहेर आले की आपण उठून उभे राहतो आणि विचारतो, “सिस्टर, कसे आहेत आता?” परंतु त्या दाराआड सिस्टर स्वतः कशी आहे, हा प्रश्न आपल्या मनाला शिवतो का?

दाराआड काय चालते ते थोडक्यात पाहू. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला खोकता येत नाही, म्हणून त्याच्या श्वासनलिकेतील स्राव नळीने ओढून काढावा लागतो. त्याला कूस बदलता येत नाही, म्हणून शय्याव्रण होऊ नयेत यासाठी साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. रक्तदाब टिकवणारे औषध पंपातून थेंबाथेंबाने जात असते. तो पंप थांबला तर काही मिनिटांत प्राणाशी गाठ पडते. नाडी, श्वास, लघवीचे प्रमाण, प्राणवायूची पातळी, या सर्वांची नोंद तासातासाला करावी लागते. यंत्रांचे भोंगे सतत वाजत असतात. त्यांतला कोणता खरा आणि कोणता खोटा, हे तिनेच ओळखायचे असते. एका खाटेवर मृत्यू झाला, तर त्या देहाला स्वच्छ करून, नातलगांना धीर देऊन, पुढच्याच क्षणी शेजारच्या खाटेवरील औषधाची वेळ तिने सांभाळायची असते. डोळे पुसायला वेळ कोणत्याही वेळापत्रकात लिहिलेला नसतो.

या अवस्थेतून जो थकवा येतो त्याला इंग्रजीत ‘बर्नआउट’ असे नाव आहे. १९७४ साली न्यूयॉर्कमधील मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी मोफत दवाखान्यात सेवाभावाने राबणाऱ्या माणसांविषयी लिहिताना हा शब्द रूढ केला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली त्याची व्याख्या केली, तेव्हा तीन लक्षणे सांगितली: शक्ती संपून जाणे, कामाविषयी मनात दुरावा किंवा कडवटपणा येणे आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. संघटनेने त्याला रोग म्हटलेले नाही. कामाच्या ठिकाणचा जो ताण दीर्घकाळ नीट हाताळला गेला नाही, त्याचा हा परिणाम आहे, असे तिने म्हटले आहे. आपल्या भाषेत यासाठी फार जुना शब्द आहे: करपणे. धानाच्या या मुलखात कोणत्याही गृहिणीला विचारा. चुलीवरचा भात करपला तर ती भाताला दोष देत नाही. जाळ किती होता आणि पाणी किती घातले होते, हे ती पाहते. ताणमुक्तीचे व्याख्यान मात्र भातालाच उपदेश करते.

यापेक्षाही खोल एक गोष्ट आहे आणि धर्मगुरू या नात्याने तिच्याविषयी बोलणे मी माझे कर्तव्य समजतो. १९८४ साली अँड्र्यू जेमटन या अमेरिकन तत्त्वचिंतकाने परिचारिकांच्या एका विशिष्ट दुःखाला ‘नैतिक यातना’ असे नाव दिले. योग्य काय आहे हे कळते, ते करण्याची इच्छा आहे, परंतु व्यवस्था ते करू देत नाही. अशा वेळी मनाला जी जखम होते ती ही यातना. चार रुग्णांपैकी दोघांची कूस वेळेवर बदलायची राहून जाते. भयभीत झालेल्या वृद्धाचा हात दोन मिनिटे धरायचा असतो, पण तो धरता येत नाही. आपल्या हातून काय निसटले, हे तिला पक्के ठाऊक असते आणि ते मनात घेऊन ती घरी जाते. शरीराचा थकवा झोपेने उतरतो, सदसद्‍विवेकबुद्धीची जखम झोपेने भरत नाही. काही काळाने ती स्वतःला वाचवण्यासाठी रुग्णाकडे पाहणेच कमी करते आणि मग आपण म्हणतो, “सिस्टर फार तुसडी आहे हो!” जिची सदसद्‍विवेकबुद्धी सर्वांत जागी, ती सर्वांत आधी करपते. अशा स्त्रीला मन खंबीर करण्याचा उपदेश करणे म्हणजे तिला तिच्या चांगुलपणाबद्दल शिक्षा करणे होय.

आता साधे गणित करू. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार अतिदक्षता विभागात प्रत्येक पाळीत एका खाटेमागे एक परिचारिका हवी आणि रजा, आजारपण इत्यादींसाठी ३० टक्के जादा परिचारिका हव्यात. म्हणजे दहा खाटांच्या विभागाला तीन पाळ्यांच्या तीस आणि वरच्या नऊ, अशा एकोणचाळीस परिचारिका लागतात. वाचकहो, आपण पाहिलेल्या एखाद्या विभागाची रात्र आठवा आणि त्या दाराआड किती पांढरे गणवेश होते ते मोजा. एकीने तीन-चार खाटा सांभाळायच्या आणि दुसरी जेवायला गेली की तिच्याही, हे चित्र आपल्यापैकी बहुतेकांच्या परिचयाचे असेल.

हा आकडा केवळ परिचारिकेच्या सोयीचा आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी पुढील माहिती लक्षात घ्यावी. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील १६८ रुग्णालयांचा अभ्यास करून लिंडा एकन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली निष्कर्ष मांडला, की परिचारिकेच्या वाट्याला एक रुग्ण अधिक आला, तर शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाला ३० दिवसांच्या आत मृत्यू येण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते आणि परिचारिका करपून जाण्याची शक्यता २३ टक्क्यांनी वाढते. एकाच कारणाची ही दोन फळे आहेत. तिचा ताण आणि आपल्या माणसाचे प्राण एकाच तराजूत आहेत. कॅलिफोर्निया राज्याने १९९९ साली कायदा केला, २००४ पासून तो अमलात आणला आणि अतिदक्षता विभागात एका परिचारिकेकडे दोनपेक्षा अधिक रुग्ण देण्यास मनाई केली. व्याख्याने तिथेही होत असतील, परंतु कायदा व्याख्यानावर थांबला नाही.

आपल्याकडे काय होते? ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशूंच्या विशेष कक्षाला आग लागली. कक्षात सतरा बालके होती. सात वाचली, दहा दगावली. त्या मातांचे दुःख शब्दांत मावणारे नाही. चौकशी झाली, जिल्हा शल्यचिकित्सक निलंबित झाले. कंत्राटी परिचारिकांच्या सेवा समाप्त करण्यात आल्या आणि फेब्रुवारीत दोन परिचारिकांवर गुन्हा दाखल झाला. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला, भाऊबीजेच्या दिवशी, तेव्हाच्या अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागाला आग लागून त्या दिवशी अकरा रुग्ण मृत्युमुखी पडले. तिथेही वरिष्ठ निलंबित झाले, परंतु तीनच दिवसांत अटक झाली ती एका वैद्यकीय अधिकारी महिलेला आणि तीन परिचारिकांना.

कोणी कर्तव्यात कसूर केली असेल तर न्यायालयाने तिचा अवश्य निवाडा करावा. मी कोणाची वकिली करीत नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. इमारतीतील वीजवाहिन्यांचा भार कोणी तपासायचा? आग विझवणारी यंत्रणा बसवण्याचा निधी कोणी मंजूर करायचा? रात्री किती परिचारिका असाव्यात हे कोणी ठरवायचे? यांतला एकही निर्णय परिचारिकेच्या हातात नसतो. परंतु आग लागते तेव्हा दाराशी तीच असते आणि पोलीस येतात तेव्हाही तीच सापडते. १२ मे रोजी देवदूत आणि आग लागताच आरोपी, या दोन टोकांमध्ये तिला साधे माणूस म्हणून, कामगार म्हणून, कोणी पाहतच नाही. असे पाहून अतिदक्षता विभागातील इतर परिचारिकांच्या मनावर कोणता ताण येत असेल, हे ताणमुक्तीच्या व्याख्यात्यांनी सांगावे.

आता आपल्या घरातल्या गोष्टीकडे वळू. परिचारिकेला ‘सिस्टर’ का म्हणतात? युरोपात शतकानुशतके आजाऱ्यांची शुश्रूषा धर्मभगिनींनी केली. १६३३ साली संत विन्सेंट डी पॉल आणि संत लुईझ दी मारिलाक यांनी स्थापन केलेल्या संघाच्या भगिनी तर मठाची भिंत ओलांडून रुग्णांच्या घरी व रुग्णालयांत गेल्या. पुढे इंग्रजी रुग्णालयांत वॉर्डच्या प्रमुख परिचारिकेला सिस्टर म्हणण्याची प्रथा पडली आणि तीच इंग्रजांबरोबर आपल्याकडे आली. या नावाचा आपल्याला अभिमान वाटतो आणि तो वाटावाही. परंतु नावाबरोबर काय आले आणि काय मागे राहिले, ते पाहा.

धर्मभगिनीच्या त्यागामागे तिचा मठ उभा असतो. तिच्या जेवणाची वेळ ठरलेली असते आणि ते शिजवणारी दुसरी भगिनी असते. प्रार्थनेची घंटा वाजली की तिला काम खाली ठेवावे लागते. वर्षातून एकदा ती एकांत-साधनेसाठी जाते. आजारी पडली तर तिची सेवा होते आणि म्हातारपणी तिला कोणी वाऱ्यावर सोडत नाही. आजच्या परिचारिकेला आपण त्या भगिनीचे नाव दिले आणि तिच्याइतकाच त्याग मागितला. मठाचा आधार मात्र दिला नाही. ती बारा तासांची पाळी करून घरी येते, तेव्हा चूल तिचीच वाट पाहत असते. मुलांचा अभ्यास, सासूचे औषध, कंत्राट पुढच्या महिन्यात वाढेल की नाही याची चिंता, सारे तिचेच. ख्रिस्तसभेचा कायदा माझ्यासारख्या धर्मग्रामाच्या धर्मगुरूला वर्षाकाठी महिनाभराच्या सुटीची मुभा देतो. शहाण्या मातेने केलेला तो कायदा आहे. मग खाजगी रुग्णालयातील परिचारिकेने आठ दिवसांची रजा मागितली तर तिच्या सेवाभावावर शंका का घेतली जाते?

“परिचर्या हे पाचारण आहे, त्यात तास आणि पैसे मोजायचे नसतात,” असे म्हणणारे सज्जन आपल्यात अनेक आहेत. त्यांनी चांगल्या शोमरोन्याचा दाखला पुन्हा काळजीपूर्वक वाचावा. शोमरोन्याने जखमीला उतारशाळेत आणले, रात्रभर त्याची काळजी घेतली आणि दुसऱ्या दिवशी तो पुढे गेला. नंतरची सर्व शुश्रूषा उतारशाळेच्या रखवालदाराने केली. त्याला शोमरोन्याने सेवेचे माहात्म्य ऐकवले नाही. त्याच्या हातावर दोन दीनार ठेवले आणि अधिक खर्च झाला तर परत येताना तोही भरून देण्याचे वचन दिले. प्रभूने सांगितलेल्या या कथेत करुणा आणि मजुरी एकमेकींच्या आड येत नाहीत.

तसेच निर्गमाच्या पुस्तकातील इथ्रोचे पाहा. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे निवाडे करीत बसलेला त्याने पाहिला. तू स्वतः झिजशील आणि लोकही झिजतील, असे त्याने जावयाला बजावले. त्यावर त्याने उपाय काय सांगितला? अधिक प्रार्थना कर, मन खंबीर कर, असे नाही. माणसे नेम, भार वाटून दे, असे सांगितले. मोशेइतका देवाच्या जवळचा माणूससुद्धा एकट्याने हा भार वाहू शकत नव्हता, तर बावीस वर्षांची मुलगी चार व्हेंटिलेटरांमध्ये एकटी कशी टिकेल?

भार वाटला गेला म्हणजे सेवा किती टिकते, याचा दाखला मुंबईच्या केईएम रुग्णालयाने साऱ्या देशाला दिला आहे. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर रुग्णालयातच अमानुष अत्याचार झाला. त्यानंतर १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत, बेचाळीस वर्षांच्या आसपास, त्यांची शुश्रूषा तेथील परिचारिकांनी केली. २०११ साली सर्वोच्च न्यायालयानेही या सेवेची वाखाणणी केली. ज्यांनी अरुणाला पाहिलेही नव्हते, अशा मुलींनी आधीच्या पिढीकडून ती जबाबदारी घेतली. प्रेम तर होतेच, परंतु त्या प्रेमाच्या पाळ्या लावलेल्या होत्या. एकीने सारा भार उचलला असता तर ती काही महिन्यांत कोसळली असती.

“हे सर्व खरे, पण पैसा कुठून आणायचा?” हा शेवटचा आक्षेप आणि तो खोटा नाही. लहान रुग्णालयांची ओढाताण मी जाणतो. तरीही काही गोष्टी नजरेआड करता येत नाहीत. खाजगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. जानेवारी २०१६ च्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने शिफारस केली, की दोनशेहून अधिक खाटांच्या रुग्णालयात शासकीय परिचारिकेइतके वेतन असावे, शंभर ते दोनशे खाटा असतील तर ते फार तर १० टक्के आणि पन्नास ते शंभर असतील तर फार तर २५ टक्के कमी असावे, आणि पन्नासपेक्षा लहान रुग्णालयातही ते २०,००० रुपयांखाली नसावे. इतक्या वर्षांनंतरही त्या शिफारशीची आठवण करून द्यावी लागते. शासनाचे हातही स्वच्छ नाहीत. २०२२ च्या मे महिन्याच्या अखेरीस राज्यातील शासकीय परिचारिका संपावर गेल्या, त्या बाहेरच्या कंपनीमार्फत कंत्राटी भरती नको म्हणून. नवे यंत्र घेण्यासाठी पैसा मिळतो, त्याच्या उद्‍घाटनालाही मिळतो आणि ते यंत्र चालवणाऱ्या हातांपाशी येताच संपतो. मग ती मुलगी आखाती देशात किंवा इंग्लंडला निघून जाते आणि आपण तिला पैशाची लोभी ठरवतो. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली कामगारांविषयीच्या आपल्या परिपत्रकात न्याय्य मजुरी आणि विश्रांती हे कामगाराचे हक्क म्हणून सांगितले. ते गिरणीतल्या मजुरापुरते नव्हते.

आमच्या वरोऱ्याच्या वेशीवर आनंदवन आहे. १९४९ साली बाबा आमटे यांनी ते उभे केले आणि कुष्ठरुग्णांना दया नको, काम आणि प्रतिष्ठा हवी, हे आयुष्यभर ठणकावून सांगितले. दयेने माणूस लहान होतो, ही शिकवण आमच्या इतक्या जवळ असताना परिचारिकांना आपण फुले आणि सहानुभूती देऊन समाधानी कसे राहू?

मग आपण काय करावे? प्रथम, आपल्या माणसाला दाखल करताना खोलीचे भाडे विचारतो तसे विचारावे, “रात्री येथे किती खाटांमागे किती सिस्टर असतात?” हा प्रश्न दहा कुटुंबांनी विचारला तर व्यवस्थापनाला उत्तर तयार ठेवावे लागेल. दुसरे, ख्रिस्तसभेच्या संस्थांनी चालवलेल्या रुग्णालयांनी हा आकडा विभागाच्या दारावरच लावावा. कारण इतरांना न्याय शिकवणाऱ्याने स्वतःचा हिशेब आधी उघडा करावा. तिसरे, ताणमुक्तीसाठी ठेवलेल्या पैशातून आधी रात्रपाळीला एक परिचारिका वाढवावी, रात्रपाळीनंतरची सुटी पक्की करावी आणि रुग्ण दगावल्यावर तिला दहा मिनिटे एकटे बसता येईल अशी एक खोली द्यावी. एवढे झाल्यावर व्याख्यान अवश्य ठेवावे, मीही ऐकायला येईन. चौथे, दाराबाहेर आपला आवाज चढू देऊ नये. रुग्णालयातील हिंसाचाराविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे, परंतु कायद्यापेक्षा आपली जीभ आपण आवरणे अधिक सोपे आहे. आणि पाचवे, धर्मग्रामात जिची रात्रपाळी असते तिच्या घरी एक वेळचा डबा जावा, तिच्या मुलांकडे शेजारणीने पाहावे. रविवारच्या मिस्साला ती दिसली नाही तर तिच्या श्रद्धेची चर्चा करू नये. आजाऱ्याच्या उशाशी असलेल्याला ख्रिस्तसभा त्या बंधनातून मोकळे करते, मग आपण तिला दोषी ठरवणारे कोण?

तिला बहीण म्हणायचे असेल तर बहिणीच्या पाठीशी उभे राहावे लागेल. ते जमणार नसेल, तर निदान येत्या १२ मे रोजी तिला फुले देऊ नयेत. तो वेळ तिला झोपेसाठी द्यावा.